नजर, हजर, मजकूर: दप्तराची मराठी आणि आपली नावे

मराठी दप्तरातले चार शब्द घ्या: जमीन, मजकूर, हजर, नजर. चारही शब्द फारसी-अरबीतून आलेले आहेत. मराठीत चारही ठिकाणी एकच 'ज' आहे. उर्दूत हेच शब्द लिहायचे झाले तर चार वेगवेगळी अक्षरे लागतात. जमिनीला झे, मजकुराला झाल, हजरला झ्वाद आणि नजरेला झोय. उर्दू शाळेतली मुले या चार अक्षरांत वर्षानुवर्षे गोंधळतात. मराठी कारकुनाने मात्र हा प्रश्न चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच सोडवून टाकला होता. त्याने चौघांनाही 'ज'च्या एका दावणीला बांधले आणि पुढे कोणी ते सोडवले नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवतो. त्यामुळे फारसी शब्दांनी मराठी 'बिघडवली' ही तक्रार आणि मराठीने आमचे शब्द 'बिघडवले' ही उलटी तक्रार, या दोन्ही मला अधूनमधून ऐकू येतात. दप्तराचा इतिहास पाहिला तर दोन्ही तक्रारी फिक्या वाटतात. दप्तराला शब्दाच्या कुळाशी फारसे देणेघेणे नसते. एकच गोष्ट सगळ्यांनी एकाच शब्दाने सांगावी आणि तो शब्द एकाच तऱ्हेने लिहावा, म्हणजे उद्या वाद झाला तर कागद साक्ष देईल, एवढीच त्याची गरज असते. ही एकसारखेपणाची गरज मराठीत कशी भागवली गेली आणि कुठे ती आजही भागलेली नाही, ते या लेखात पाहू.

मोडीतला कारकून

दख्खनच्या सुलतानांच्या काळात वरचा कारभार फारसीत आणि गावपातळीचा कारभार मराठीत चाले. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने हिशेबाच्या दप्तरातून फारसी काढून तिथे देशी भाषा आणली, अशी नोंद इतिहासकार फिरिश्ता करतो. अनेक फर्माने दोन्ही भाषांत निघत. गावचा कुळकर्णी, परगण्याचा देशपांडे ही मंडळी मोडीत लिहीत. अरबी व्याकरण शिकलेली माणसे त्यांच्यात विरळाच. तरीही त्यांच्या लिखाणातला एकसारखेपणा थक्क करतो.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे शुहूर सन. मराठेशाहीतल्या असंख्य कागदांवर साल आकड्यात नसून अरबी संख्याशब्दांत लिहिलेले असते. इहिदे म्हणजे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच. 'सबा सबैन व अलफ' म्हणजे सात, सत्तर आणि हजार, अर्थात १०७७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन १६७६-७७ मिळते. हे वर्ष मृग नक्षत्राला सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल असेही नाव आहे. महिने चांद्र आणि तेही अरबी: मोहरम, सफर, रबिलावल, जमादिलावल, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. उर्दूच्या शिक्षकाला 'रबिलावल' हे रूप पाहून हसू येईल, कारण मूळ शब्द रबीउल-अव्वल. पण दूरदूरच्या गावचे कारकून 'रबिलावल' असेच लिहीत, म्हणून तारीख चुकत नसे. आज संशोधक त्या कागदांची तिथी लावू शकतात ते याच शिस्तीमुळे.

मोडीची आणखी एक खासियत इथे सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापाशी येतो. मोडीत ऱ्हस्व इकार आणि दीर्घ ईकार असा भेद पाळला जात नसे, उकाराचेही तेच. 'वकील' की 'वकिल', 'महमूद' की 'महमुद' हा प्रश्न मोडी कारकुनाला पडलाच नाही. नाव एकच, वेलांटी एकच.

शिवाजी महाराजांचा कोश

१६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. ढुंढिराज व्यास यांचा त्या कामात हात होता. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग असे त्याचे दहा वर्ग आहेत आणि सुमारे १३८० फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले आहेत. त्यातला एक लेखनवर्ग आहे, म्हणजे दप्तराच्या कामाचे शब्द वेगळे काढण्याइतका त्यांचा विचार झाला होता. याच सुमारास पदांची नावेही बदलली: मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती.

या कोशाकडे आज काही जण धार्मिक चष्म्यातून पाहतात. दोन्ही बाजूंनी पाहतात. मला तो एका नव्या राज्याने आपल्या दप्तराला दिलेली ओळख वाटतो. नवे राज्य आपले नाणे पाडते, शक सुरू करते, तसा आपला शब्दही ठरवते. त्याचे पुढे काय झाले ते अधिक बोलके आहे. सचिव, अमात्य, मंत्री हे शब्द टिकले, त्यातले दोन आजही मंत्रालयाच्या दारांवर आहेत. पण त्याच वेळी पेशवा हा शब्द 'पंतप्रधान' या पर्यायाला पुरून उरला आणि पुढे शंभर वर्षे सबंध हिंदुस्थानात गाजला. चिटणीस, सबनीस, पोतनीस ही फारसी 'नवीस' पोटात घेऊन बसलेली पदे मराठी घराण्यांची आडनावे झाली. कारकून, किल्लेदार, जकात, जमीन, महसूल यांना कोणी हलवू शकले नाही. जो शब्द लोकांच्या तोंडात आणि कागदात रुळला, तो राहिला. कोणता टिकेल हे कोशाच्या पानावर ठरत नाही, ते शेतकऱ्याच्या सारापावतीवर ठरते.

कंपनी सरकारची मराठी

१८१८ नंतर मुंबई इलाख्यात कंपनीचे राज्य आले आणि कंपनीला नवीच अडचण भेडसावू लागली. तिचे साहेब बाहेरचे, हुकूम इंग्रजीत निघणार, पण पोचणार मराठी पाटलापर्यंत. एका कचेरीतला दुभाषा एक शब्द वापरणार, दुसरीतला दुसरा. यातून कंपनीने कोशाच्या कामाला पाठबळ दिले. जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू आणि अनेक मराठी पंडित या कामात होते. या कोशाची एक गोष्ट मला फार आवडते. बाहेरून आलेल्या शब्दांजवळ त्यांचे मूळ सांगणारे एक अक्षर आढळते, संस्कृत असो, अरबी असो, फारसी असो की हिंदुस्थानी. मूळ सांगितले, पण मुळावरून शब्दाला दाराबाहेर ठेवले नाही.

थॉमस कँडी पुढे सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. शाळेची पुस्तके, सरकारी भाषांतरे त्यांच्या नजरेखालून जात. मराठीत विरामचिन्हांची सवय लागली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. १८३७ च्या कायद्याने कंपनीच्या कारभारातून फारसी जाऊन देशी भाषा येण्याची वाट मोकळी झाली. आणि छापखान्यांनी मोडीऐवजी बाळबोध लिपी उचलली.

इथेच वेलांटीचा प्रश्न जन्मला. बाळबोधीत दोन वेलांट्या आणि दोन उकार असल्यामुळे प्रत्येक शब्दाला एकेक निवडावाच लागला. मराठीने निवड केली ती आपल्या उच्चारावरून. शेवटी अकार असलेल्या मराठी शब्दात त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ: वकील, गरीब, तारीख, वसूल. प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व: वकिलाला, गरिबाचा, वसुलीचा. मूळ अरबीत 'हुक्म' आणि 'जुल्म' हे जोडाक्षरी शब्द, मराठीने त्यांना उलगडून हुकूम आणि जुलूम केले. 'कुफ्ल'चे तर अक्षरेच उलटसुलट होऊन कुलूप झाले. पुढे इंग्रजी 'पोलीस' आला तेव्हा त्यालाही हाच नियम लागला. हिंदीत तो 'पुलिस' राहिला, मराठीत 'ली' दीर्घ झाली. नियम सगळ्यांना सारखा, शब्द कुठलाही असो.

भंडाऱ्याचा वेगळा दाखला

आमचा भंडारा जिल्हा मात्र मुंबई इलाख्यात नव्हता. तो नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता, ते राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला. त्या प्रांतात आमच्यासारखे चार जिल्हे मराठी, बाकी बहुतेक हिंदी. त्यामुळे आमच्या दप्तरात उत्तर हिंदुस्थानचे शब्द येऊन बसले. पुण्या-साताऱ्याकडे तलाठी, आमच्याकडे पटवारी. तिकडे तलाठ्याचा साझा, इकडे पटवारी हलका. तिकडे तालुका, इकडे तहसील. तिकडे मौजे, इकडे मौजा. तिकडे सर्व्हे नंबर, इकडे खसरा. गावचा मालक तो मालगुजार, आणि सारा भरणारा लंबरदार, ज्यात इंग्रजी 'नंबर'ला फारसी 'दार' जोडलेले आहे.

१९५६ मध्ये आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आलो. एका राज्यात दोन दप्तरांच्या दोन परंपरा एकत्र आल्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये त्याची खूण आजही दिसते. कलम १६१ 'निस्तार पत्रका'चे आहे आणि कलम १६५ 'वाजिब-उल-अर्ज'चे. गावाची वहिवाट, पाण्याचा हक्क, जाण्या-येण्याची वाट, मासेमारी यांची नोंद ज्यात असते त्या कागदाचे नाव शुद्ध अरबी आहे: सांगण्यास योग्य ते. कायदा करणाऱ्यांनी तिथे नवा शब्द घडवला नाही, आणि बरे केले. नाव बदलले असते तर जुन्या दप्तरातला हक्क आणि नव्या दप्तरातला हक्क एकच आहे हे सिद्ध करायला शेतकऱ्याला कोर्टात जावे लागले असते.

आमच्या जिल्ह्यात तलावांची कमी नाही. त्यातले शेकडो तलाव मालगुजारांच्या काळातले आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि सरकारी कागदात ते 'माजी मालगुजारी तलाव' झाले. कारकुनाने त्याचे आद्याक्षर घेतले आणि ते 'मामा तलाव' झाले. आज शाळकरी मुलाला विचारा, तो म्हणेल कोण्या मामाने बांधले असतील. 'माजी'मध्ये झ्वाद आहे आणि 'गुजारी'त झे. दोन्ही 'ज'मध्ये विरघळले, मग दोन्ही शब्दच 'मामा'त विरघळले. याला मराठीचे पचन म्हणतात.

नियमांचे वर्ष

महाराष्ट्र झाल्यावर १९६० मध्येच भाषा संचालनालय स्थापन झाले. त्याच्या आधी असा प्रयत्न झालाच नव्हता असे नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्ये 'शासनशब्दकल्पतरू' काढला होता, त्यात इंग्रजीसह आठ भाषांचे रकाने होते आणि उर्दू-फारसीचे रकाने मराठी-गुजरातीच्या शेजारी होते. नागपुरात डॉ. रघुवीर यांनी स्वातंत्र्यानंतर संस्कृतावर आधारलेले हजारो पारिभाषिक शब्द घडवले. त्यातले काही चालले, अनेक कोशातच राहिले. १९६२ मध्ये महाराष्ट्राचा 'पदनाम कोश' आला तेव्हा टीकाकारांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले. तरीही कलेक्टरचा जिल्हाधिकारी झाला आणि टिकला. तहसीलदार, नायब तहसीलदार, वकील, दिवाणी, फौजदारी, महसूल हे मात्र जागचे हलले नाहीत.

त्याच १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम सरकारने स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार जोडले गेले. गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहावा हेही त्यात ठरले, म्हणून नागपूर. १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने अक्षरांची वळणेसुद्धा नक्की केली. म्हणजे शब्द ठरले, वेलांट्या ठरल्या, अक्षराचा आकारही ठरला.

जी यादी कोणी केली नाही

राहिली ती माणसांची नावे. आणि इथे मराठी मुसलमानाची गोष्ट थोडी वेगळी होते.

मराठी नियमाने शेवटच्या अकाराआधीची वेलांटी दीर्घ. अरबी नावात ती कधी दीर्घ असते, कधी ऱ्हस्व. रहीम, करीम, महमूद यांत मुळातच दीर्घ आहे, म्हणून भांडण नाही. पण आसिफ, वाजिद, साजिद यांत ती ऱ्हस्व आहे. मराठी कारकून सवयीने 'आसीफ', 'वाजीद' लिहितो. 'यूसुफ'चे तर बरोबर उलटे होते, 'युसूफ'. आपल्या समाजाचे नावच घ्या, एकाच वर्तमानपत्रात 'मुस्लिम' आणि 'मुस्लीम' दोन्ही सापडतील. मग 'ज' आणि 'झ'. जुन्या मोडीत काजी, मिर्जा, रजाक असे 'ज'ने चाले. इंग्रजीतला 'झेड' मध्ये आला आणि काझी, मिर्झा, रझाक झाले. बापाच्या कागदावर 'ज' आणि मुलाच्या कागदावर 'झ'. शेखचे सेख, शेक, शैख. कुरेशीचे कुरैशी. सय्यदचे सैय्यद, आणि कधी कधी सईद, जे मुळात वेगळेच नाव आहे.

आता हा घोळ यंत्रानेही वाढवला आहे. आधारसारख्या नोंदणीत नाव इंग्रजीत टाकले की मराठी रूप आपोआप तयार होते. उर्दूतले नाव आधी इंग्रजीत जाते, तिथे ऱ्हस्व-दीर्घ गळून पडते, मग यंत्र अंदाजाने वेलांटी देते. तपासायचे काम माणसाचे, पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तेवढी उसंत नसते.

याची किंमत लहान नाही. इतर मागासवर्गीय म्हणून जातीचा दाखला काढायचा तर १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. गरीब घरात तो पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातली एक ओळ. त्या ओळीत 'सेख रहिम' आणि नातवाच्या कागदात 'शेख रहीम' असेल, तर ही दोन माणसे नसून एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, साक्षीदार आणि खेटे. मुलाने शाळा सोडल्यावर रजिस्टरातली नोंद बदलणे सोपे राहत नाही, वरची मंजुरी लागते. वारसाची नोंद, बँकेचे खाते, पासपोर्ट, शिष्यवृत्ती, सगळीकडे तीच वेलांटी आडवी येते. हा त्रास फक्त मुसलमानांना होतो असे नाही. आदिवासी मुलांच्या आणि पोवारी-हिंदी बोलणाऱ्या घरांच्या नावांचेही असेच होते. पण ज्यांची नावे दुसऱ्या लिपीतून येतात त्यांना तो अधिक होतो, हे रजिस्टर उघडून पाहणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला दिसेल.

यात कोणाचा कावा शोधण्याची गरज नाही. शब्दांसाठी कोश झाले, पदांसाठी कोश झाला, गावांच्या 'पूर'साठी नियम झाला. नावांसाठी काही झाले नाही, एवढेच. सरकार ते करील तेव्हा करील. आपल्या हातात जे आहे ते सांगतो.

पहिले म्हणजे, शब्द भाषेचा असतो आणि नाव माणसाचे. वकील, तारीख, हुकूम हे शब्द आता मराठीचे आहेत, ते मराठी नियमानेच लिहावेत. तिथे मूळ अरबीचा हट्ट धरू नये. नावाला मात्र त्याच्या धन्याचा शब्द प्रमाण मानावा. दुसरे, वेलांटीची शंका आली तर उर्दूतले नाव पाहावे. तिथे 'ये' किंवा 'वाव' लिहिलेला असेल तर दीर्घ, नसेल तर ऱ्हस्व. रहीममध्ये 'ये' आहे, आसिफमध्ये नाही. एवढे मदरशात जाणारे मूलही सांगू शकते. तिसरे, 'ज' लिहायचा की 'झ' हे घराने एकदा ठरवावे. दोन्ही चालतील, पण एका घरात एकच चालावा. चौथे, हे रूप जन्माच्या नोंदीतच नक्की व्हावे. नाव ठेवतानाच ते मराठी, इंग्रजी आणि उर्दू अशा तिन्ही लिप्यांत एका कागदावर लिहून ठेवावे, आणि अंगणवाडी, शाळा, रेशन, आधार, जिथे जाल तिथे तोच कागद समोर धरावा. छापून आलेले रूप सही करण्याआधी वाचावे. शिकलेल्या शेजाऱ्याने न शिकलेल्यासाठी एवढे करावे.

मोडीचा कारकून अरबी जाणत नव्हता. तरी त्याने 'सबा सबैन व अलफ' इतक्या शिस्तीने लिहिले, की साडेतीनशे वर्षांनंतरही साल चुकत नाही. आपल्या मुलांची नावे तर आपल्याला तिन्ही लिप्यांत लिहिता येतात.